चोच सुटलेले पोपट आणि फुई

फुई कुठं जायला निघाली की तिच्याआधी तिच्या पिशव्या निघायच्या. टेम्पो नऊला येणार असला तर आठच्या आत पिशव्या ओट्यावर, पिशव्यांच्या मधोमध फुई, आणि तोंडानं एकच जप, "निघायच्या आधी निघायचं असतं व माय." परतीलाही तीच तऱ्हा. लग्नाला नेलं तर नवरी अजून बोहल्यावर उभी आणि ही मंडपाच्या दाराशी पिशवी काखेत मारून "चला व माय, चला" करत उभी. तिच्या घाईपायी माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नातली जिलेबी मी पानात टाकून उठलेय. त्या जिलेबीचा राग मला अजून आहे.

आमच्या अहिराणीत बापाच्या बहिणीला फुई म्हणतात, आणि सुरतेचे गुजराती लोक फोई म्हणतात. त्यामुळे सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठाणीपासून आम्हा भाडेकरणींपर्यंत सगळ्यांची ती फुईच. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन दिवस तिला अहो-जाहो केलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी काय कलेक्टर लागून गेले का? फुईला कोणी अहो म्हणतं का?" तेव्हापासून अगं-तुगं.

बाई आडव्या हाडाची, उंच, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. नवरा कापडाच्या साच्यावर राबून राबून एक जागा घेऊन ठेवून वारला होता, त्यावर तिनं ओळीनं खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. पण बांधकामाला सुरुवात कशानं केली? नळानं. भिंती नंतर, नळ आधी. ती साक्रीकडच्या कोरड्या गावची. तिथं उन्हाळ्यात विहिरीला पोहोचायलाच टेकडी उतरावी लागायची आणि डोक्यावर हंडे घेऊन परत चढावी लागायची. त्यामुळे सकाळी नळाला पाणी आलं की फुई पदर खोचून नळापाशी उभी. कोणाची बादली सांडली तर जीव चालला असं ओरडायची. "तुम्हाला काय ठाऊक पाणी म्हणजे काय! माझी टाळू बघा." आणि खरंच ती मान वाकवून टाळू दाखवायची. तिथं केस विरळ होते, हंड्यानं गेलेले.

आता तिच्या पिशव्यांचं सांगते, कारण फुई म्हटली की पिशव्या आल्याच.

गल्लीतून कोणी बाहेरगावी निघालं की आधी फुईला पिशवी उघडून दाखवायची, हा अलिखित कायदा होता. भाडेपट्टीत नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणाऱ्या पोरी तर रांग लावून उभ्या राहायच्या. फुई एकेकीची पिशवी उपसायची आणि विचारायची, "गाडीत काय नेसशील? आणि गावात शिरताना काय नेसशील?" तिचं म्हणणं, प्रवासाचा कपडा वेगळा आणि लोकांना दाखवायचा कपडा वेगळा, पॅसेंजरच्या धुरात काळवंडलेली साडी नेसून माहेरच्या दारात गेलीस तर आई म्हणेल, पोरीचे सासरी हाल आहेत. कांदा, लिंबू, ओवा, कापूर, सुतळीचा गुंडा, मेणबत्ती आणि पिना, एवढं तिच्या पिशवीत कायम. पिना तर तिच्या मंगळसूत्राच्या दोऱ्यालाही लटकलेल्या असायच्या आधी, नवरा गेल्यावर त्या पोलक्याला आल्या.

आमचे हे असल्या गोष्टींना हसायचे. ह्यांना हजीऱ्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे काम लागलं. पहिल्याच दिवशी फुईनं अडवलं. डब्याच्या पिशवीत एक जास्तीची पँट कोंबली, वर साबणाची वडी. हे भडकले. "फुई, मी कामाला चाललोय, सासुरवाडीला नाही."

"म्हणूनच देते. सासुरवाडीला फाटली तर सासू शिवून देईल. साहेब शिवून देईल का?"

आणि झालं असं की हे गेटपाशी वाट बघत एका कठड्यावर टेकले, आणि त्या कठड्याला त्याच सकाळी हिरवा रंग दिलेला. साहेबासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा मागून सगळे हिरवे. मग काय, फुईच्या नवऱ्याची जुनी ढगळ पँट, कमरेला सुतळी, असे हे साहेबापुढे गेले. साहेबानं म्हणे विचारलं, तब्येत बरी नाही का, पँट फार सैल झालीय. संध्याकाळी घरी येऊन हे गुपचूप फुईच्या ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून स्वतः होऊन पिशवी उघडून दाखवायचे.

तर असं चाललेलं असताना नव्वदच्या दशकात मध्येच कधीतरी शहराबाहेर एक पाण्याचं पार्क उघडलं. पाळणे, भुताचं घर, उंच घसरगुंड्या आणि सगळ्यात नवल म्हणजे लाटांचा हौद. किराणावाली शेठाणी घरच्यांबरोबर जाऊन आली आणि दुकानात बसून जो येईल त्याला वर्णन करून सांगू लागली. फुई गूळ घ्यायला गेली आणि तासभर परतलीच नाही. मी बोलवायला गेले तर ती शेठाणीची उलटतपासणी घेत होती.

"मशीनथी लहर? म्हणजे मशीन पाणी हलवतं?"

"हा फोई. घंटी वागे, पछी मोठी लहर आवे."

"आणि माणूस?"

"माणस उपर. पाणी ऊंचकी ले."

फुई गूळ तिथंच विसरून आली. ओट्यावर बसली, पदरानं मान पुसली आणि मला म्हणाली, "जन्मभर मी पाणी उचललं. एकदा पाण्यानं मला उचलावं, असं वाटतंय बघ." एवढी मोठी बाई, पण हे म्हणताना लाजली. मी म्हटलं, "मग जाऊ की!" तिला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फुईनं जाहीर केलं, गल्लीतल्या सगळ्या बायका आणि पोरं पार्कात जाणार. पुरुष नकोत. "पुरुष आले की तुम्ही काठावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळाल." म्हणून मुद्दाम कामाचा वार धरला, सगळे नवरे पाळीवर असतील असा.

पण शेठाणीनं एक मेख सांगून ठेवली होती. त्या हौदात साडी चालत नाही. सुती कपडाही चालत नाही. नायलॉनचाच पाहिजे, नाहीतर शिट्टीवाला माणूस बाहेर काढतो. ज्यांच्याकडे नसेल त्यांना तिथं भाड्यानं कपडे मिळतात. भाड्यानं म्हटल्याबरोबर फुईनं कानाला हात लावले. "दुसऱ्याचं ओलं अंगावर घेऊ नये. कोणाची खरूज, कोणाचा नायटा, काय काय येतं त्यातून. मेले तरी नाही घालणार." सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, कारण बोलणारी बाई स्वतः भाड्यावर जगत होती.

आणि सुरतेत राहून नायलॉनला काय तोटा? आमच्यातल्या जळगावकरणीचा नवरा छपाईच्या मिलमध्ये होता. छपाईत चुकलेल्या तुकड्यांना तिथं फेंट म्हणतात, ते किलोवर निघतात. त्यानं गाठोडंच आणून टाकलं. केशरी कापड, त्यावर हिरवे पोपट, आणि चूक काय, तर लाल चोचींचा छाप सरकलेला. पोपट एकीकडे, चोच वीतभर दुसरीकडे. एकाही पोपटाला स्वतःची चोच नव्हती. फुईला ते भारी आवडलं. "बरंय. बोलणार नाहीत, चावणार नाहीत," म्हणाली आणि पायमशीन घेऊन बसली. गुडघ्याखाली जाणारा झगा आणि खाली सलवार, लांब बाह्या, गळा बंद. अख्ख्या गल्लीला एकच छाप. पोरांना चड्ड्यासुद्धा पोपटांच्या.

आता आमच्या घरातली गोष्ट. त्या काळी सुनेनं ड्रेस घालायचा की नाही, यावर आमच्या लोकांत घरोघरी भांडणं व्हायची. लेकीनं घातला तर चालेल, सुनेनं नाही. माझ्या सासूबाई तर या बाबतीत दगड. बाई काडीसारखी, पण शब्द लोखंडाचा. फुई मापाची टेप घेऊन आमच्या दारात आली, तशा त्या उंबऱ्यात आडव्या झाल्या.

"माझं माप घेऊ नको आणि सुनेचंही नको. पोपट घालून नाचायला मी तिला आणलेली नाही."

"अगं, बायकाच असणार आहेत सगळ्या."

"बायकाच बोलतात. आज सून ड्रेस घालेल आणि उद्या भुसावळ पॅसेंजरनं बातमी गावात. आम्ही येऊ, पाणी बघू, परत येऊ."

फुई मला म्हणाली, "तुझं काय म्हणणं?" सासूबाईंच्या देखत मी काय म्हणणार, कपाळ! मान खाली घालून पीठ मळत बसले. ते पीठ मी इतकं मळलं की त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्यांनी वाखाणल्या. उरलेल्या फेंटांच्या फुईनं पोरांना टोप्या शिवल्या.

जायच्या आधीचा आठवडा म्हणजे नुसती कवायत. रोज दुपारी गच्चीवर हजेरी. तिथल्या कपडे बदलायच्या खोल्यांना म्हणे रांग असते. म्हणून फुईनं जुन्या चादरी जोडून एक मोठा घोळदार तंबू शिवला. वर नाडी. नाडी वर कशाला तरी अडकवायची, आतल्या आत साडी सोडायची आणि ड्रेस चढवायचा. परभणीवाली वहिनी पहिल्यांदा आत शिरली तेव्हा आतून नुसती झटापट आणि "अगं बाई, बाही कुठंय!" असा आवाज. बाहेर आली तर दोन्ही हात एकाच बाहीत. आम्ही गच्चीवर लोळून हसलो. सासूबाई जिन्यावर उभ्या राहून बघत होत्या. हसू आलं की खोकायच्या.

मग काय घालायचं आणि काय नाही, याची उजळणी. काचेच्या बांगड्या नकोत, घसरगुंडीवर फुटतील आणि हौदात पोरांच्या पायाला लागतील. पण सवाशिणीचा हात मोकळा कसा ठेवायचा? फुईनं सगळ्यांना प्लॅस्टिकच्या हिरव्या बांगड्या वाटल्या. मंगळसूत्र झग्याच्या आत, पिनेनं अडकवून. जोडव्यांना दोरा गुंडाळायचा, म्हणजे पाण्यात निसटणार नाहीत. पाण्यात टिकली राहत नाही, म्हणून टिकल्यांची पाकिटं ती वेगळी घेणार होती; पाण्यातून निघालेल्या बाईला आधी टिकली, मग टॉवेल. "फुई, तुझं काय?" कोणीतरी विचारलं. तिनं गोंदणावर बोट टेकवलं. "माझं कपाळ कशानं धुतलं जात नाही."

प्रत्येकीचे कोरडे कपडे गुंडाळी करून साडीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. ती पाकिटं सुरतेत पैशाला पासरी मिळतात. रिकामी पाकिटं वेगळी, ओले कपडे परत आणायला. आणि तिच्या स्वतःच्या पाकिटातला ड्रेस मी पाहिला होता. सगळ्यात शेवटी शिवला, सगळ्यात मोठा. गळ्याला तिनं केशरी लेस लावली होती. बाकी कोणाच्याच ड्रेसला लेस नव्हती.

त्या दिवशी टेम्पो यायच्या कितीतरी आधी ती ओट्यावर हजर होती. टेम्पोत आम्ही दाटीवाटीनं बसलो, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे मांडीवर. वाटेत पोरांनी खायला मागितलं की फुईचं एकच, "पोट भरून पाण्यात जायचं नाही." गेटवरच्या पहारेकऱ्यानं डबे अडवले, बाहेरचं खाणं आत चालणार नाही म्हणाला. भैया होता बिचारा. फुईनं त्याच्याशी हुज्जत घातली नाही. तिथंच सावलीत चादर अंथरली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं, त्यालाही एक दशमी हातावर दिली. "आता पोटातलं तरी आत चालतं ना भैया?" तो इतका हसला की त्यानंच आम्हाला रांगेतून पुढं काढलं. जेवल्यावर तासभर पाण्यात जायचं नाही हा नियम आलाच. मग पोरांना पाळण्यात बसवून आम्ही तो तास काढला. फुई एकाही पाळण्यात बसली नाही. तिची नजर हौदाकडं.

हौद खरंच भलामोठा होता, काठाशी घोट्याएवढा आणि आत आत खोल होत जाणारा. काठाला पिवळी रेघ. रेघेपुढं साडी दिसली की शिट्टी. आमच्या बायका तंबूतून एकेक करून पोपट होऊन निघाल्या आणि पाण्यात शिरल्या. सगळं पार्क बघायला लागलं. कोणी विचारलं, कुठल्या शाळेचा युनिफॉर्म आहे? जळगावकरीण म्हणाली, "फुईच्या."

बाकावर उरलो आम्ही तिघी. सासूबाई, मी आणि स्वतःचं पाकीट हातात धरलेली फुई. ती तंबूत शिरणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड एवढंसं झालेलं. खोटं कशाला बोलू, मला रडूच फुटायचं बाकी होतं. विशीतली मी, आणि समोर सगळ्या मैत्रिणी पाण्यात किंचाळत होत्या.

"का गं, बघवत नाही का तुला सुनेचं तोंड?" फुई सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. ओळखीचा पुरुष एक नाही. सगळ्या आपल्याच बायका, तंबूपाशी उभ्या राहून ऐकणाऱ्याही दोघीतिघी. मग त्यांनी सोयीचं उत्तर शोधलं. "आता ड्रेसच नाही म्हटल्यावर काय करणार? असता तर मी काही नको म्हटलं नसतं."

फुई थांबली. हातातल्या पाकिटाकडं तिनं एकदा पाहिलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. "आहे."

सासूबाई पुरत्या अडकल्या. चारचौघीत दिलेला शब्द, आता गिळणार कसा!

मी म्हटलं, "फुई, हा तुझा आहे. मग तू?"

"मला कसली घाई? पिशव्या कोण सांभाळणार, तुझी सासू? तिला तर बसल्या जागी डुलकी लागते. जा, ऊठ." असं म्हणून तिनं पाठ फिरवली आणि आधीच नीट रचलेल्या पिशव्या पुन्हा रचायला लागली.

त्या ड्रेसात माझ्यासारख्या दोन मावल्या असत्या. फुईनं माझ्या पाठीवर खालपासून वरपर्यंत पिना टोचल्या तरी बाह्या बोटांवर आणि पोपट पोटऱ्यांवर. मी पाण्यात गेले. काय सांगू तुम्हाला! घंटा वाजली, यंत्र घुमलं, आणि लाट आली ती मला उचलून थेट परभणीवाल्या वहिनीच्या अंगावर टाकून गेली. लग्न झाल्यापासून मी इतक्या मोठ्यानं हसलेच नव्हते. डोक्यावर पदर नाही याची आठवणही राहिली नाही.

पण दुसऱ्या लाटेच्या वेळी माझं लक्ष बाकाकडं गेलं. घंटा वाजली तशी फुई उठून उभी राहिली. टाचा उंचावल्या. लाट येऊन काठाशी फुटली तेव्हा हळूच खाली बसली. पुढच्या घंटेला परत तेच. तिथून पुढं मला पाण्यात काही गोडी लागेना. कोण ती शेठाणीला गूळ विसरेस्तोवर विचारत बसली होती, आणि कोण लाटेवर बसलंय! मी बाहेर आले.

"फुई, माझं झालं. आता तू."

तिनं आधी माझ्या कपाळाला टिकली लावली, मग टॉवेल दिला. "झालं तर पूस अंग. चहा घे."

"फुई, ड्रेस देते ना सोडून."

"आता तो ओला झाला," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ओलं मी अंगावर घेत नाही, माहीत आहे तुला." आवाज नेहमीसारखाच ठणठणीत, पण माझ्याकडं बघून बोलली नाही.

तिचाच नियम. सगळ्या गल्लीला तिनं पाठ करून घेतलेला. मी नुसती निथळत उभी. आणि मग बाकावरून एकदम आवाज आला. सासूबाई चिडल्या किंवा जिव्हाळ्यानं बोलायला लागल्या की मराठी सोडून घरच्या अहिराणीत यायच्या.

"तुनाच मापना शे ना तो? तूच शिवा ना? आनी मनी सून काय परकी शे का?" उठल्या, फुईच्या हातातली टिकल्यांची पाकिटं त्यांनी काढून घेतली. "दुसरं कोण आहे इथं? घाल मुकाट्यानं. पिशव्या मी बघते. आणि डुलकी लागणार नाही मला."

फुईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

मी तंबूत शिरून साडी नेसले, पोपट पिळून काढले, आणि फुई आत गेली. तंबू बराच वेळ नुसता हलत होता. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "बाही सापडली का?" तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर आली ती केशरी लेस नीट करत, डोक्याला पंचा बांधून. ड्रेस अगदी अंगाबरोबर बसला होता, मापाचाच होता ना तो.

मी साडीतली, मला पिवळ्या रेघेपुढं जाता येईना. जळगावकरणीनं एक हात धरला, परभणीवालीनं दुसरा. घोट्याएवढ्या पाण्यात फुई उभी राहिली. मग गुडघ्याएवढ्या. पाणी सपाट. फुईनं मागं वळून मला विचारलं, "मशीन बिघडलं का गं?" तिचा चेहरा खरंच पडला होता. म्हणजे एवढं सगळं करून आता मशीनच बंद!

आणि घंटा वाजली.

लाट आली ती मी काठावरून पाहिली. आधी मागच्या पोरांची डोकी वर गेली, मग जळगावकरीण, आणि मग आमची ती आडव्या हाडाची फुई पायांवरून सुटली. दोघींचे हात तिनं कधी सोडले कळलंच नाही. पाण्यावर नुसती केशरी पाठ आणि पोपट आणि सुट्या चोची, आणि त्यातून ओरडणं, "उचललं व माय! उचललं मला!" शिट्टीवाला घाबरून उठून उभा राहिला. त्याला वाटलं बाई बुडतेय. सासूबाईंनीच त्याला हातानं खाली बसवलं.

मग फुई बाहेर येईना. एकीमागून एक बायका निघाल्या, तंबूत शिरल्या, साड्या नेसून आल्या. सासूबाई बाकापाशी उभ्या राहून प्रत्येकीच्या कपाळाला टिकली लावत होत्या, मग टॉवेल. त्यांना क्रम बरोबर पाठ होता. ओले पोपट पाकिटांत गेले, पाकिटं पिशव्यांत गेली, पोरांच्या टोप्या मोजून झाल्या. चार वाजले आणि गेटाबाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सगळी गल्ली पिशव्या काखेत मारून तयार. हौदात एकटी फुई, गळ्यापर्यंत पाण्यात, घंटेकडं डोळे लावून.

मी रेघेवरून हाक मारली, "फुई, चल ना, टेम्पो आलाय!"

"एक लाट!" तिनं तिकडून ओरडून सांगितलं. एक झाली. मग म्हणाली, "आणखी एक!"

टेम्पोवाला कंटाळून आतच आला, पहारेकऱ्यालाही बरोबर घेऊन. "अरे मावशी, चलो ना, कितना टाइम?"

सासूबाई पिशव्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या, अगदी फुईसारख्या. त्यांनी त्याला तिथंच थोपवलं.

"थांब रे भाऊ. त्या बाईला जन्मात पहिल्यांदा उशीर होतोय. होऊ दे."